फेस जमला की दाढी जमली: क्रीम, पाणी आणि हलक्या हाताची सविस्तर पद्धत

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पुढचे सात महिने त्यांची दाढी मी करत होतो. स्वतःची दाढी करायला लागून तेव्हा मला बावीस वर्षं झाली होती, त्यामुळे यात शिकायचं काही राहिलंय असं कधी मनातही आलं नव्हतं. पहिल्या दिवशी गालाला क्रीम लावून रेझर टेकवला तशी त्यांनी मान बाजूला घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी चालता असलेला डावा हात उचलला, पाण्याच्या वाटीत दोन बोटं बुडवली आणि मी लावलेल्या फेसावर फिरवली. पुन्हा बुडवली, पुन्हा फिरवली. मग हाताने खूण केली, आता चालव. त्या दिवशी रेझर कुठेही अडला नाही.

त्यांच्या त्या दोन ओल्या बोटांनी मला जे दाखवलं, तेच या लेखात सांगायचं आहे. दाढीच्या क्रीमचं मुख्य काम म्हणजे पाणी केसाजवळ धरून ठेवणं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की क्रीम किती घ्यायची, पाणी किती घालायचं, हात किती फिरवायचे आणि जोर किती लावायचा, याची उत्तरं आपोआप निघत जातात. हा लेख मुख्यतः ब्रश, ट्यूबमधली क्रीम आणि दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ब्लेडचा साधा रेझर वापरणाऱ्यांसाठी आहे. पण तुमच्याकडे दोन-तीन पात्यांचा रेझर असला तरी यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी केस भिजू द्या

दाढीचा कोरडा केस चांगलाच कणखर असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना असंख्य बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरलं की त्यातले बरेच बंध सैल पडतात. केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषू शकतो. असा भिजलेला केस जाडीने सुमारे १५ टक्के फुगतो, लांबीने मात्र जेमतेम १-२ टक्के वाढतो. फुगून मऊ झालेला केस कापायला कोरड्यापेक्षा कितीतरी कमी जोर पुरतो.

पण हे लगेच होत नाही. कोमट पाणी दोन-तीन मिनिटं सतत केसाला लागून राहावं लागतं. त्यात चेहऱ्यावर त्वचेतून आलेल्या तेलाचा पातळ थर असतो, तो पाण्याला लवकर आत जाऊ देत नाही. म्हणून नुसतं पाणी मारून भागत नाही, आधी साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवावा लागतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अंघोळ झाल्यावर दाढी करणं. आपल्याकडे पुष्कळ घरांत नेमकं उलट असतं, आधी दाढी आणि मग अंघोळ. हजामत करून आलेल्या माणसाने अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात वावरू नये, असा दंडक मीही लहानपणी पाहिला आहे. तुमच्या घरी तो पाळत असतील तर मोडायची गरज नाही. चेहरा साबणाने धुवा, सुती पंचाचा तुकडा कोमट पाण्यात बुडवून अर्धवट पिळा आणि दोन मिनिटं दाढीवर धरून ठेवा. गार झाला की पुन्हा बुडवा. पाणी अंगाला सहज सोसेल इतपतच गरम असावं, साधारण ४० अंश. कढत पाण्याने केस काही जास्त मऊ होत नाही, त्वचा मात्र लाल होते आणि कोरडी पडते. यानंतर चेहरा टॉवेलने पुसायचा नाही. ओल्या चेहऱ्यावरच फेस लावायचा.

गावी ओसरीवर येणारे नाभिक काका वाटीतलं पाणी तळहाताने गालावर लावून बराच वेळ चोळत बसायचे. मला वाटायचं, एवढा वेळ हे काय करताहेत? वस्तरा ते नंतर दोन-तीन मिनिटांतच फिरवून मोकळे व्हायचे. वेळेची ही विभागणी मला आज बरोबर वाटते.

ट्यूबमध्ये काय असतं

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. ज्याचं प्रमाण जास्त तो आधी, असा क्रम असतो. गोदरेज, पामोलिव्ह, व्ही-जॉन, ओल्ड स्पाइस, डेटॉल, किराणा दुकानात मिळणारी ब्रशची कोणतीही क्रीम घ्या, पाणी, स्टिअरिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन, खोबरेल किंवा त्यापासून काढलेली आम्लं अशी नावं थोड्याफार फरकाने सापडतील. म्हणजे ही क्रीम मुळात साबणच आहे. सोडियमपासून केलेला साबण कपड्याच्या वडीसारखा घट्ट होतो. पोटॅशियमपासून केलेला मऊ राहतो आणि पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून तो ट्यूबमधून बाहेर येऊ शकतो.

स्टिअरिक आम्लाचा फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि टिकणारा असतो. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा फेस चटकन आणि भरपूर येतो, पण तितक्याच लवकर बसतो. चांगल्या क्रीममध्ये दोन्हींचा मेळ घातलेला असतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, त्यामुळे फेस गालावर सुकत नाही. निवड करताना मी एवढंच बघतो की ग्लिसरीन यादीत वरच्या पाच-सहा नावांत आहे का. महागड्या परदेशी क्रीममध्ये सुगंध छान असतात, पण फेस काढायचं तंत्र हातात बसेपर्यंत त्यांच्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या ट्यूबचा नीट काढलेला फेस महाग क्रीमच्या कसाबसा काढलेल्या फेसाला सहज मागे टाकतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पहिली, साबण अल्कधर्मी असतो. अशा क्रीमचा सामू साधारण ९ ते १० असतो आणि आपल्या त्वचेचा ५ ते ५.५ च्या आसपास. दाढीनंतर गाल ओढल्यासारखे वाटतात त्याचं हे एक कारण. धुतल्यावर काही तासांत त्वचा आपोआप पूर्वपदावर येते, पण ज्यांची त्वचा मुळातच कोरडी आहे त्यांनी फेस गालावर उगाच दहा-पंधरा मिनिटं ठेवू नये. दुसरी गोष्ट मेंथॉलची. मेंथॉल त्वचा गार करत नाही, गारव्याची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्यामुळे ब्लेड जास्त लागत असलं तरी ते लगेच कळत नाही. हात बसेपर्यंत मेंथॉलवाली क्रीम टाळलेली बरी.

डब्यातून फुसकन येणाऱ्या फोमबद्दलही सांगतो. त्यात फेस फुगवायचं काम दाबाखालचा ब्यूटेनसारखा वायू करतो. फेस डोंगराएवढा दिसतो, पण त्यात हवाच जास्त आणि पाणी कमी. प्रवासात वापरायचाच असेल तर चेहरा निथळता ओला ठेवून फोम बोटांनी मिनिटभर केसांत चोळा, वरून थोडं पाणी लावा आणि मग रेझर घ्या. नुसता थापून लगेच दाढी सुरू केली तर केस कोरडाच राहतो.

फेस कसा काढायचा

इथे वेळ द्या. सुरुवातीचे चार-पाच दिवस तर दाढी नसतानाही नुसता फेस काढून बघा, हात बसतो.

ब्रश कोमट पाण्यात बुडवून ठेवा. नैसर्गिक केसांचा असेल तर दोन मिनिटं, कृत्रिम तंतूंचा असेल तर नुसता भिजला तरी पुरे. बाहेर काढून दोन-तीनदा झटका. ब्रश ओला असावा, पण त्यातून पाणी टपकू नये. रुंद तोंडाच्या स्टीलच्या वाटीत सोललेल्या बदामाएवढी क्रीम घ्या. हे साधारण १ ग्रॅम भरतं, म्हणजे ७० ग्रॅमची ट्यूब रोज दाढी केली तरी दोन महिन्यांहून जास्त पुरते.

आता ब्रश वाटीत गोल फिरवायला लागा. जोर नको, फक्त टोकं वापरा. अर्ध्या मिनिटात घट्ट, पांढरा, चिकट लगदा होईल. बरेच जण इथेच थांबतात आणि हाच लगदा गालाला फासतात. मीही बावीस वर्षं हेच करत होतो. दिसायला हा फेस दमदार असतो, पण त्यात पाणी जवळजवळ नसतंच. तो सुकायला लागला की उलट केसातलं पाणी ओढून घेतो आणि रेझर अडखळायला लागतो.

म्हणून पुढे: बोटांची टोकं पाण्यात बुडवून चार-सहा थेंब वाटीत झटका आणि पुन्हा दहा-पंधरा सेकंद फिरवा. परत चार-सहा थेंब, परत फिरवा. असं चार-पाच वेळा करा. एकदम पाणी ओतू नका, नाहीतर मोठे बुडबुडे होऊन सगळं वाया जातं. घरचं उदाहरण द्यायचं तर सुरुवातीला फेस बांधून टांगलेल्या चक्क्यासारखा असतो. पाणी जास्त झालं तर तो मठ्ठ्यासारखा पातळ होतो आणि वर भांडी घासल्यासारखे बुडबुडे दिसतात. हवा आहे तो या दोहोंच्या मधला, हाताने घोटलेल्या, जरा सैलसर श्रीखंडासारखा. त्यात ब्रश उचलला तर टोक उभं राहून हळूच एका बाजूला वाकतं. पृष्ठभागावर चकाकी दिसते, बुडबुडे डोळ्यांना दिसत नाहीत.

डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त विश्वास ठेवा. चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये घेऊन घासा. दोन्ही बोटं एकमेकांवरून निसटली पाहिजेत. जरा जरी चिकटल्यासारखी वाटली तर फेस तहानलेला आहे, आणखी पाणी द्या.

मग ओल्या चेहऱ्यावर ब्रश आधी गोल फिरवा, म्हणजे फेस केसांच्या मुळाशी जातो आणि आडवे पडलेले केस उभे होतात. हे मिनिटभर करा. शेवटी रंगकाम करतात तसा वर-खाली हात मारून थर सारखा करा. थर जाड नको. त्वचा झाकली जाईल एवढा पुरे, कारण कापायला उपयोगी पडतो तो त्वचेला लागलेला फेस, त्यावरचा ढीग रेझरमध्ये अडकून बसतो. हनुवटी आणि मिशीच्या जागेचे केस सगळ्यात राठ असतात, म्हणून फेस आधी तिथे लावा आणि रेझर तिथे शेवटी न्या. तेवढीच त्यांना भिजायला जास्त मिनिटं मिळतात.

पाणीच साथ देत नसेल तर

आमच्या कोरेगावच्या घरी बोअरचं पाणी. तिथे कितीही फिरवलं तरी फेस बसायचा आणि वाटीच्या कडेला पांढरट साका राहायचा. शाळेत आपण दुष्फेन पाणी शिकलो ते हेच. त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार करतं. म्हणजे तुमच्या क्रीममधला साबण फेस होण्याआधीच खर्ची पडतो. बादलीवर पांढरे डाग, गिझरच्या कॉइलवर पापुद्रे, अंघोळीनंतर केस राठ, ही त्याची लक्षणं. खात्री करायची तर स्वच्छ बाटलीत अर्धं पाणी आणि अंगाच्या साबणाचा छोटा कीस घालून जोरात हलवा. वर फेस टिकला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं तर पाणी ठीक. फेस नाही आणि पाणी दुधासारखं गढूळ झालं तर दुष्फेन.

उपाय सोपा आहे. फेसासाठी लागतं ते फार तर एक वाटी पाणी, तेवढं पिण्याच्या आरओ फिल्टरचं घ्या. फिल्टर नसेल तर पाणी चांगलं उकळून, निवल्यावर खालचा गाळ न हलवता वरचं घ्या. दुष्फेनतेचा एक प्रकार उकळल्याने कमी होतो, सगळा जात नाही, पण फरक जाणवतो. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी भांड्यात धरून वापरून बघा, त्याच ट्यूबला किती फेस येतो ते. चेहरा धुवायला नेहमीचंच पाणी चालेल.

पाण्याची ही बाब कंपन्यांनाही सोपी गेली नाही. जिलेटने २००२ मध्ये भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला होता. त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर झाली होती आणि त्यांच्या न्हाणीघरात नळाचं वाहतं पाणी होतं. प्रत्यक्षात इथे असंख्य माणसं एका पेल्यात पाणी घेऊन दाढी करतात, त्यात रेझरमध्ये अडकलेले केस नीट निघेनात. मग त्यांची माणसं इथल्या घरांत जाऊन बसली, दाढी कशी करतात ते पाहिलं, आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा, सहज धुतला जाणारा गार्ड नावाचा रेझर आला, तेव्हा १५ रुपयांना. तुमच्याकडेही नळ चालू ठेवण्याइतकं पाणी नसेल तर दोन भांडी ठेवा. एका तांब्यात रेझर हलवून केस काढायचे, आणि दुसऱ्या वाटीतलं स्वच्छ कोमट पाणी फक्त फेसासाठी. या वाटीत रेझर बुडवायचा नाही. दीड लिटर पाण्यात पूर्ण दाढी आरामात होते.

ब्लेड

सुट्या ब्लेडच्या सेफ्टी रेझरचं पेटंट किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये मिळालं, आणि आजचं ०.१ मिलिमीटर जाडीचं दुधारी ब्लेड त्याच कल्पनेचं आहे. ब्लेड बसवताना आखूड बाजूंना धरा, धारेला बोट लावू नका. बसवल्यावर दोन्हीकडून डोकावणारी कड सारखी आहे का ते समोरून बघा. वाकडं बसलेलं ब्लेड एका बाजूने नक्की कापतं.

कोणतं ब्लेड घ्यावं? एकाला मानवणारं दुसऱ्याला मानवत नाही, म्हणून दोन-तीन प्रकारची छोटी पाकिटं आणून प्रत्येकाच्या तीन-चार दाढ्या करून बघाव्यात. एक ब्लेड साधारण तीन ते पाच दाढ्या चालतं. केस ओढल्यासारखे वाटले की त्याच क्षणी बदलावं. केसापेक्षा पोलाद सुमारे ५० पट कठीण, तरीही ते बोथट का होतं, याचा उलगडा अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केला. धार हळूहळू झिजून गोल होण्याऐवजी तिचे बारीक टवके उडतात, आणि केस वाकून धारेशी तिरका आला तर ते जास्त उडतात. दाढी झाल्यावर रेझर धुवून झटकून ठेवा. टॉवेलने ब्लेड पुसलं तर धारेवरचा पातळ लेप खराब होतो.

वापरलेली ब्लेड सुटी कचऱ्यात टाकू नका, कागदात गुंडाळूनही नको. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायामाणसांचे हात त्यांनी कापतात. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून त्यात टाकत जा. डबा भरायला काही वर्षं लागतात. भरला की फट चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहून, घंटागाडीवाल्यांच्या हातात सांगून द्या.

केसांचा कल ओळखा

दाढी दोन दिवस वाढू द्या आणि कापसाचा बोळा गालावरून चारही दिशांना फिरवा. ज्या दिशेने तो अलगद सरकतो तो कल, ज्या दिशेने तंतू अडकतात ती उलटी बाजू. गालांवर कल बहुधा वरून खाली असतो. गळ्यावर मात्र काही सांगता येत नाही. अनेकांचे गळ्याचे केस खालून वर वाढतात, काहींचे आडवे, आणि काहींच्या जबड्याखाली चक्क भोवरा असतो. माझ्या डाव्या बाजूला कानाच्या दिशेने आहेत, उजव्या बाजूला सरळ वर. हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, तोवर मी दोन्हीकडे वरून खालीच रेझर ओढत होतो आणि गळा लाल का होतो म्हणून क्रीम बदलत होतो. कागदावर चेहऱ्याचा आराखडा काढून त्यावर बाण करा आणि आठवडाभर आरशाजवळ चिकटवून ठेवा.

आता हात

रेझरची मूठ अगदी शेवटी, बोटांच्या टोकांनी धरा. मुठीत आवळली की नकळत जोर लागतो. रेझरचं डोकं गालावर पालथं टेकवा, म्हणजे मूठ चेहऱ्यापासून सरळ बाहेर आलेली असेल. या स्थितीत ब्लेड लागत नाही. आता मूठ हळूहळू खाली आणा. ज्या क्षणी धार त्वचेला स्पर्श करते तिथे थांबा, साधारण ३० अंशांचा कोन होतो. तो धरून ठेवायचा. जबड्याच्या वळणावर आणि हनुवटीवर हा कोन सुटतो, म्हणून तिथे मनगटाऐवजी अख्खा हात वळवा.

जोर लावायचाच नाही. धातूच्या रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. हात दोन-तीन सेंटिमीटरच चालवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा. आवाज ऐका. केस कापला जाताना बारीक खरखर ऐकू येते. ती थांबली की तिथले केस संपले, पुढे सरका. न्हाणीघरात मोबाइलवर गाणी लावत असाल तर शिकेपर्यंत बंद ठेवा.

पहिला हात सुलटा, केसांच्या कलाने. कल्ल्यांपासून गाल, मग गळा, मग मिशीची जागा, शेवटी हनुवटी. यात दाढी गुळगुळीत होणार नाही, खुंट फक्त आखूड होतील. तसंच अपेक्षित आहे. चेहरा धुवा, पुन्हा फेस लावा. वाटीत उरलेला पुरतो, त्यात दोन-चार थेंब पाणी घाला. दुसरा हात आडवा, कलाच्या काटकोनात. बहुतेकांनी इथे थांबावं. उलटा हात मारायचाच असेल तर पुन्हा नवा फेस लावून, फक्त गालांवर, आणि दुसऱ्या हातानंतर जराही आग होत नसेल तरच. गळ्यावर उलटा हात शक्यतो कधीच नको. फेस पुसला गेलेल्या जागेवर ब्लेड पुन्हा न्यायचं नाही, एखादा केस राहिला असला तरी. आधी ओलं बोट, जरासा फेस, मग ब्लेड.

गळ्याची घाटी अवघड वाटते. त्वचा बोटांनी एका बाजूला ओढून घाटीच्या शेजारच्या सपाट भागावर आणा आणि तिथे कापा. मिशीसाठी वरचा ओठ दातांवर ताणा, नाकाचं टोक बोटाने जरा उचला. त्वचा सपाट होईल इतपतच ताणायची. फार ताणली तर केस बाहेर ओढला जाऊन खोलवर कापला जातो आणि मग आत शिरतो.

झाल्यावर

गार पाण्याने चेहरा धुवा आणि तुरटीचा ओला खडा अलगद फिरवा. तुरटी त्वचा आवळते आणि बारीकसारीक कापल्याचं रक्त थांबवते. मला तिचा आणखी एक उपयोग मोलाचा वाटतो. जिथे चुणचुणतं तिथे तुम्ही जोर लावलेला असतो. आज उजव्या जबड्याखाली चुणचुणलं तर उद्या तिथे हात हलका. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुवून टाका, नाहीतर त्वचा कोरडी पडते. घरात प्रत्येकाचा खडा वेगळा असावा. मोठं कापलं असेल तर स्वच्छ ओल्या कापसाने न उचलता तीन-चार मिनिटं दाबून धरा. नंतर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर पुरेसं आहे. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह झोंबतं आणि कोरडं करतं, त्याचा मला तरी फायदा दिसलेला नाही.

केसतोड ज्यांना वारंवार होते त्यांनी दाढीची पद्धत आधी तपासावी. कुरळा केस फार खोल कापला गेला की त्याचं टोकदार तोंड बाहेर न येता त्वचेतच वळतं आणि तिथे गाठ येते. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढतं आणि पुढचं तो त्वचेच्या पातळीखाली कापतं, त्यामुळे अशा लोकांना एका पात्याचा रेझर आणि फक्त सुलटा हात जास्त मानवतो. गाठ फोडू नका, नखाने केस उकरू नका. दिवसातून दोन-तीनदा कोमट ओला पंचा ठेवा आणि ती बसेपर्यंत त्या जागेची दाढी करू नका. गाठ वाढत असेल, ताप असेल किंवा मधुमेह असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्याची दाढी करताना

आजारी माणसाच्या दाढीबद्दल कुणी फारसं सांगत नाही, म्हणून थोडं लिहितो. झटक्यानंतर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतात, त्यामुळे लहानसं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. अशा वेळी ट्रिमर किंवा विजेवरचा रेझर सगळ्यात सुरक्षित. वडिलांना मात्र फेसाचीच दाढी हवी असायची, ट्रिमर दिसला की ते डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टरांना विचारून मी एका पात्याचा, पुढे संरक्षक दाते असलेला साधा रेझर घेतला आणि फक्त सुलटा हात मारायचा असं ठरवलं. दुधारी ब्लेड दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वापरू नका. आपल्याला त्यांची त्वचा जाणवत नसते.

पलंगाचं डोकं उचलून किंवा पाठीमागे उशा लावून त्यांना बसतं करा. आडव्या माणसाच्या तोंडात फेस-पाणी जाऊन ठसका लागू शकतो, आणि झटक्यानंतर गिळायला आधीच त्रास असतो. पाणी किती गरम आहे ते आपल्या मनगटावर बघा. त्यांच्या अधू बाजूला चटका बसला तरी त्यांना कळेलच असं नाही. म्हातारपणी त्वचा सैल आणि पातळ होते, सुरकुतीत ब्लेड शिरतं. कोरड्या कापडाच्या तुकड्याने गाल कानाकडे ओढून धरा, ओल्या बोटांतून त्वचा निसटते. अधू बाजू आधी करा, तोवर माणूस थकलेला नसतो आणि आपला हातही ताजा असतो. प्रत्येक दोन-तीन हातांनंतर थांबून चेहऱ्याकडे बघा. बोलता येत नसलं तरी भुवया सांगतात.

आणि वाटी त्यांच्या चांगल्या हाताजवळ ठेवा. पाणी कमी पडलं तर ते स्वतः लावून घेतील. शेवटी कोमट पंचाने कानामागचा, नाकपुड्यांजवळचा फेस टिपून घ्यायचा, मान कोरडी करायची, आणि आरसा त्यांच्याच हातात द्यायचा. वडील डाव्या हाताने आरसा धरून आधी उजवा गाल बघायचे, मग आरसा खाली ठेवून त्याच हाताने तो चाचपायचे. कुठे खुंट राहिला असेल तर बोट तिथेच थांबायचं, आणि मी पुन्हा ब्रश भिजवायचो.